वाचकांचे प्रश्न : काचेच्या जुन्या गोट्या कशा ओळखाव्यात?

गेल्या काही महिन्यांत काचेच्या जुन्या गोट्यांविषयी बरीच पत्रे आली, म्हणून त्यांतील निवडक पत्रांना या अंकात एकत्रच उत्तर देत आहे. बहुतेकांनी रंगांचे अगदी बारकाईने वर्णन केले आहे आणि छायाचित्रेही सुरेख काढली आहेत. पण गोटीच्या दोन्ही टोकांचा उल्लेख एखाद-दुसऱ्याच पत्रात सापडला. वास्तविक ओळख पटवताना रंगाकडे सर्वांत शेवटी वळावे. काचेचा तो तुकडा मूळ काचेपासून कसा तोडला गेला आणि त्याला गोलाई कशी मिळाली, याच्या खुणा आधी पाहाव्यात. पुढील सर्व उत्तरे याच क्रमाने दिली आहेत.

प्रश्न : माझे आजोबा तारवटी होते आणि युरोपच्या बंदरांवर त्यांचे जाणे-येणे असे. त्यांच्या पेटीत एका कापडी पिशवीत काही गोट्या निघाल्या. त्यांपैकी एक पारदर्शक असून तिच्या आत पांढऱ्या दोऱ्यांची पिळदार जाळी आहे आणि बाहेरच्या अंगाला लाल-निळे पट्टे आहेत. दुर्दैवाने एका टोकाला तिचा टवका उडालेला दिसतो; ती जागा हाताला खडबडीत लागते. एक गोटी तपकिरी-पांढऱ्या पट्ट्यांची असून ती दगडाची असावी असे वाटते. या गोट्या किती जुन्या असतील, आणि टवका घासून घेता येईल का?
— एक वाचक, वास्को

उत्तर : ती गोटी फुटलेली नाही, आणि ती खडबडीत जागा घासून घेण्याचा विचार कृपया मनातून काढून टाकावा. तुम्ही ज्याला टवका समजत आहात, तोच तिच्या वयाचा मुख्य पुरावा आहे.

जर्मनीच्या थुरिंजिया प्रांतातील लाउशा या गावी १५९७ पासून काचेच्या भट्ट्या चालत आल्या आहेत. १८४०च्या दशकाच्या अखेरीस तेथे गोट्या करण्यासाठी एक खास कात्री वापरात आली, जिच्या एका पात्याच्या टोकाला अर्धगोल वाटी असे. कारागीर आधी रंगीत काचेचा गाभा तयार करी, त्यावर पारदर्शक काचेचा थर चढवी, त्या थरावर रंगीत काचेच्या बारीक कांड्या चिकटवी, आणि मग तो सारा गोळा पुन्हा तापवून, पीळ देत देत ओढून त्याची लांब कांडी करी. कांडीचे तापलेले टोक कात्रीच्या वाटीत फिरवून गोल करायचे आणि तोडायचे, पुन्हा पुढचे टोक वाटीत घ्यायचे, असे हे काम चाले. त्यामुळे अशा प्रत्येक गोटीला दोन टोके असतात आणि दोन्ही टोकांवर तोडल्याची खूण राहते. संग्राहक या खुणेला पाँटिल म्हणतात. ती कधी तशीच खडबडीत ठेवलेली असते, कधी घासून सपाट केलेली असते, तर कधी तिला छोटे पैलू पाडलेले असतात. तुमच्या गोटीचे दुसरे टोक बहुधा घासलेले असावे, म्हणून ते तुमच्या नजरेतून सुटले. खिडकीजवळ तिरप्या उजेडात गोटी सावकाश फिरवल्यास त्या जागी चकाकी किंचित मंदावलेली दिसेल. दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग असेल, तर घासल्याच्या समांतर रेघाही दिसतील.

खरा टवका निराळा असतो. आघाताने उडालेल्या काचेची आतली बाजू शिंपल्याच्या पाठीसारखी वलयांकित आणि चकचकीत असते, तिची कडा धारदार लागते, आणि ती गोटीवर कोठेही असू शकते. पाँटिल मात्र पट्टे जेथे एकत्र येतात नेमके तेथेच असते. पट्ट्यांवरून बोट फिरवत दोन्ही बाजूंनी टोकापर्यंत जावे. सगळे पट्टे ज्या ठिपक्यात संपतात, तो ठिपका म्हणजे तोडल्याची जागा. एखाद्या गोटीत पट्टे वा गाभा टोकाला पोचण्याआधीच विरून गेलेला दिसतो; अशी गोटी कांडीच्या सुरुवातीची वा शेवटची असते. तिला दोषयुक्त समजू नये, उलट अनेक संग्राहक अशा गोट्या मुद्दाम शोधतात.

या हातघडीच्या जर्मन गोट्यांचे वर्गीकरण गाभ्यावरून करतात. तुमच्या गोटीसारखी दोऱ्यांची जाळी आत असेल, तर तिला लॅटिसिनिओ म्हणतात. तीत पांढरी जाळी सर्वाधिक आढळते, त्याखालोखाल पिवळी, आणि लाल किंवा निळी जाळी क्वचितच हाती लागते. जाळीऐवजी रंगाचा सलग खांब असेल तर भरीव गाभा, तीन-चार सुट्या पट्ट्यांमधून पलीकडचे दिसत असेल तर विभागलेला गाभा, आणि एकच रुंद फीत असेल तर फितीचा गाभा, असा हा क्रम लागतो. गाभाच नसून सारे पट्टे पृष्ठभागाच्या लगेच खाली दाटीने बसवलेले असतील, तर तो निराळा प्रकार. पट्ट्यांऐवजी रंगांचे शिंतोडे ओढून लांबवलेले दिसत असतील, तर ती गोटी ऑनियनस्किन वर्गातली. तिच्यात अभ्रकाचे चमकते कण असले तर मागणी वाढते. काळ्या अपारदर्शक काचेवर रंगीत पट्टे ओढलेल्या गोट्यांना इंडियन म्हणतात, पण त्यांचा आपल्या देशाशी काही संबंध नाही; त्याही जर्मनच.

तुमच्या उरलेल्या गोट्यांपैकी एखादीच्या पट्ट्यात सोनेरी झगमग दिसत असेल, तर ती वेगळी काढून ठेवावी. काचेत तांब्याचे सूक्ष्म स्फटिक तयार झाल्याने ही झळाळी येते. त्यात सोने नसते. अशा गोट्यांना लुट्झ म्हणण्याची प्रथा मॅसॅच्युसेट्समधील सँडविच येथील काचकारखान्यात काम करणाऱ्या निकोलस लुट्झ यांच्यावरून पडली. प्रत्यक्षात या गोट्या जर्मनीत झाल्या. व्यापारात नाव एकदा रूढ झाले की ते काढता येत नाही, म्हणून आपणही ते वापरतो. मात्र अशी गोटी अमेरिकन कारागिराची म्हणून कोणी जादा किंमत सांगत असेल, तर ती देऊ नये.

काळाविषयी सांगायचे, तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पहिल्या महायुद्धापर्यंतचा काळ या गोट्यांच्या भरभराटीचा होता, आणि त्यानंतरही त्या थोड्याफार होत राहिल्या. तुमची गोटी याच पल्ल्यातली आहे. याहून नेमके साल केवळ गोटीवरून सांगता येत नाही, आणि जो विक्रेता ते सांगतो त्याच्यापासून चार हात दूर राहिलेले बरे.

दगडी गोटीबाबत तुमचा अंदाज बरोबर ठरू शकतो. जर्मनीतच, पण लाउशापासून बरेच दूर, ईडार-ओबरश्टाइन येथे अकीक घासण्याचा मोठा उद्योग होता. पाण्याच्या जोरावर फिरणाऱ्या प्रचंड वालुकाश्माच्या चाकांवर, कारागीर पालथे पडून दगड घासत असत. तेथील कच्चा माल एकोणिसाव्या शतकात मुख्यतः ब्राझीलमधून येऊ लागला, आणि अकिकाला काळा, हिरवा वा निळा रंग देण्याच्या युक्त्याही तेथे विकसित झाल्या. हाताने घासलेली अकिकाची गोटी दिव्याखाली हळूहळू फिरवली, तर तिच्यावर असंख्य बारीक पैलू उजेडात एकामागून एक चमकून जातात. यंत्राने केलेल्या नव्या गोटीवर ते नसतात. काच आणि अकीक यांची घनता जवळपास सारखीच असल्याने हातात तोलून पाहण्याचा उपयोग नाही. भिंगातून आत बुडबुडा दिसला, तर ती काच समजावी.

प्रश्न : ओहायोत राहायला आल्यापासून येथील जुन्या बाजारांतून मी गोट्यांच्या बरण्या घेतो. त्यांत पाँटिल असलेली गोटी जवळपास नसतेच. अशा यंत्रावरच्या शेकडो गोट्यांची कारखान्यांनुसार विभागणी कशी करावी? एकाच गोटीला तीन जाणकार तीन नावे सांगतात.
— एक वाचक, कोलंबस

उत्तर : तुम्ही या विषयाच्या माहेरघरीच राहत आहात. अ‍ॅक्रन येथील मार्टिन फ्रेडरिक क्रिस्टेन्सन यांना गोलाकार वस्तू घडवणाऱ्या यंत्राचे पेटंट १९०५ साली मिळाले, आणि यंत्रावर गोट्या करण्याचा धंदा तेथून उभा राहिला. मात्र त्या यंत्रात काच अजूनही हातानेच घातली जाई. भट्टीतून लोखंडी सळईवर रसरशीत काच घेऊन कामगार ती यंत्रावर धरी आणि कात्रीने तिचे मापशीर तुकडे तोडले जात. सळईला दिलेला पीळ आणि कात्रीचा घाव या दोन्ही खुणा गोटीवर राहत. दोन रंगांच्या, दुधी रेषांनी भरलेल्या जुन्या स्लॅग गोटीच्या एका टोकाला इंग्रजी नऊच्या आकड्यासारखे वळण आणि विरुद्ध टोकाला कापल्याची छोटी शेपटी दिसली, तर ती क्रिस्टेन्सन यांच्या कारखान्यातली असण्याची शक्यता बळावते. तो कारखाना १९१७ मध्ये बंद झाला.

पुढे काच आपोआप धारेने पडून कापली जाऊ लागली, आणि मळसूत्री खोबणीच्या दोन फिरत्या रुळांमधून पुढे सरकत ती गोल होऊ लागली. येथून पाँटिल संपते आणि सांधा, म्हणजे कापलेली काच गोल होताना जुळल्याची रेघ, सुरू होतो. तुमच्या बरणीची पहिली वाटणी या सांध्यावरूनच करावी, रंगांवरून करू नये.

सर्वांत आधी मळसूत्री गोट्या वेगळ्या काढाव्यात. एक रंगीत फीत एका टोकापासून निघून, स्वतःला कोठेही न छेदता, वळत वळत दुसऱ्या टोकाला पोचते, तो हा प्रकार. दोन रंगांच्या धारेला पडतानाच पीळ मिळाल्याने तो तयार होतो. ही अ‍ॅक्रो अ‍ॅगेट कंपनीची ओळख आहे. ती कंपनी अ‍ॅक्रनमध्ये निघाली, १९१४ साली वेस्ट व्हर्जिनियातील क्लार्क्सबर्गला गेली आणि १९५१ मध्ये बंद पडली. फितीत गडद, संपूर्ण अपारदर्शक, काळपट झाक असलेला तांबडा रंग दिसला, तर त्याला ऑक्सब्लड म्हणतात. तिरप्या उजेडात हा रंग पारदर्शक झाला, तर ते ऑक्सब्लड नव्हे, साधा लाल. येथे घाईने निर्णय करणारे बरेच जण फसतात.

त्यानंतर पट्टे समोरासमोरच्या दोन सांध्यांपाशी तुटणाऱ्या गोट्या घ्याव्यात. इलिनॉयमधील ओटावा येथील पेल्टियर कंपनीच्या अपारदर्शक रंगावरच्या पट्टेदार गोट्या या गटात येतात. संग्राहकांनी त्यांच्या रंगजोड्यांना दिलेली सुपरमॅन, ख्रिसमस ट्री, लिबर्टी ही नावे कारखान्याची नाहीत, आणि नावांवरून तुमच्याकडे जे वाद होतात त्यांचे मूळ बहुतांशी येथेच आहे. नोंदवहीत आधी सांधा, मूळ रंग, पट्ट्यांची संख्या आणि व्यास लिहावा. टोपणनाव शेवटच्या रकान्यात, पेन्सिलीने. याच कंपनीने वर्तमानपत्री चित्रकथांतील बारा पात्रे छापलेल्या गोट्याही काढल्या होत्या. त्यांवरचे चित्र काळ्या रंगात असून भाजून काचेत पक्के केलेले असते. नखाने किंवा लाकडी काडीने हलकेच खरवडल्यावर कडा सुटू लागली, तर ते चित्र नंतर चिकटवलेले आहे.

क्रिस्टेन्सन अ‍ॅगेट ही कंपनी मात्र वर उल्लेखलेल्या क्रिस्टेन्सन यांची नव्हे. ती १९२५ मध्ये सुरू झाली, तुमच्याच राज्यातील केंब्रिज गावी तिने काम केले आणि जेमतेम आठ-नऊ वर्षांत ती संपली. विलक्षण झगझगीत रंग आणि ज्वाळांसारखी वर निमुळती होत जाणारी टोके यांमुळे तिच्या गोट्या उठून दिसतात, आणि अल्प उत्पादनामुळे त्या महागही असतात. बरणीत अशी गोटी सापडल्याचे तुम्हाला वारंवार वाटू लागले, तर स्वतःवर थोडा अविश्वास दाखवावा.

तुमच्या बरणीचा मोठा हिस्सा याहून नवा असणार. पारदर्शक काचेत रंगीत पाकळ्या असलेल्या मांजरडोळा गोट्या दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधून अमेरिकेत येऊ लागल्या, आणि त्यांनी तेथील कारखान्यांच्या तोंडचे पाणी पळवले. पुढे मार्बल किंग, व्हिट्रो, पेल्टियर यांनीही त्या काढल्या. पेल्टियरची एकच जाड पाकळी केळ्याच्या आकाराची असते, म्हणून ती चटकन ओळखू येते. पांढऱ्या किंवा स्वस्त काचेवर रंगाचा पातळ पापुद्रा चढवलेल्या गोट्याही युद्धोत्तर काळातल्याच. एखादी फुटकी हाती आली, तर तिच्या छेदात रंग किती पातळ आहे ते दिसते. म्हणून बरणीतल्या फुटक्या गोट्या फेकू नयेत, त्या अभ्यासाला ठेवाव्यात. कोणती गोटी कोठली, हे ठरवायला जुन्या कारखान्यांच्या जागी उकरून सापडलेल्या असल्याच फुटक्या मालाची मोठी मदत झाली आहे.

प्रश्न : एका संकेतस्थळावरून मी आत कुत्र्याची आकृती असलेली मोठी गोटी घेतली. काच निळी आहे, कुत्रा पांढरा स्वच्छ आणि बरोबर मध्यभागी आहे. विक्रेत्याने ती एकोणिसाव्या शतकातली असल्याचे सांगितले.
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : छायाचित्रावरून अंतिम निर्णय देता येत नाही, पण तुमच्या वर्णनातील तिन्ही गोष्टी मला खटकतात. अशा गोट्यांना सल्फाइड म्हणतात. जुन्या जर्मन सल्फाइडमध्ये पांढऱ्या मातीची छोटी आकृती तप्त काचेत गुंतवलेली असते. आकृती आणि काच यांच्यामध्ये हवेचा अतिपातळ थर अडकल्याने ती रुपेरी दिसते, तिच्याभोवती एखादा बुडबुडा असतो, आणि ती क्वचितच नेमकी मध्यावर बसते. काच सर्वसाधारणपणे रंगहीन असते. रंगीत काचेतली जुनी सल्फाइड दुर्मीळ असल्यामुळेच नकला करणाऱ्यांना रंगाचा मोह पडतो. या गोट्या कांडीतून तोडलेल्या नसून एकेक घडवलेल्या असल्याने त्यांना एकच पाँटिल असते, तेही बहुधा आकृतीच्या पायांच्या बाजूला. ते घासलेले आहे का, गोटीच्या अंगावर खेळल्याच्या बारीक अर्धचंद्राकृती खुणा आहेत का, हे पाहावे. शंभर वर्षांहून जुनी गोटी अंगावर एकही ओरखडा न घेता आली असेल, तर ती नशीबवान म्हणायची. पण पाँटिलही नसेल, तर परतीची मुदत संपण्याआधी ती परत करावी.

प्रश्न : अतिनील विजेरीखाली हिरवी चमकणारी गोटी जुनी असते, हे खरे का?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, पुणे

उत्तर : नाही. ठसठशीत हिरवी चमक काचेत युरेनियमचा अंश असल्याचे सांगते, आणि अशी काच जुन्या जर्मन गोट्यांत, अमेरिकन यंत्रावरच्या गोट्यांत आणि अगदी आजच्या कलाकारांच्या गोट्यांतही असते. मँगनीज असलेली काचही फिकट हिरवट उजळते. विजेरीचा उपयोग दोन सारख्या दिसणाऱ्या गोट्यांची काच वेगळी आहे का, एवढे पाहण्यापुरता करावा.

प्रश्न : आमच्या बंद पडलेल्या सोड्याच्या दुकानात गोटीच्या जुन्या बाटल्या आणि काही सुट्या हिरवट गोट्या आहेत. त्यांना संग्राहकांकडे मोल आहे का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : बाटल्यांना आहे, सुट्या गोट्यांना जवळजवळ नाही. या बाटलीची रचना हायरम कॉड या इंग्रज अभियंत्याने १८७०च्या दशकात सिद्ध केली. आतील वायूचा दाब गोटीला तोंडाशी असलेल्या रबरी कड्यावर दाबून धरतो, आणि गोटी खाली ढकलली की ती मानेतल्या खाचेत अडकते. बाटलीवर उठावाने काही अक्षरे असतील, कारखान्याचे वा गावाचे नाव असेल, तर त्यावरून तिचा काळ आणि ठिकाण शोधता येते. गोटीवर मात्र काहीच नसते. काचेतील लोहाच्या अंशामुळे येणारी हिरवट झाक हीच तिची ओळख, आणि आपल्याकडे या बाटल्या आजही बनत व वापरल्या जात असल्याने सुटी गोटी शंभर वर्षांपूर्वीची की परवाची, हे वेगळे काढता येत नाही. म्हणून बाटल्या फोडून गोट्या काढू नयेत. लहानपणी आपण सर्वांनी ते केले असले, तरी आता बाटलीच्या जागी गोटी मिळवणे हा घाट्याचा व्यवहार आहे. तुमच्या बाटल्यांवरील उठाव अक्षरांचा कागदावर पेन्सिलीने ठसा घासून पाठवलात, तर पुढे काही सांगता येईल.

प्रश्न : माझ्याकडील जर्मन गोट्यांवर बरेच चरे पडले आहेत. त्या पॉलिश करून घ्याव्यात का? त्या साफ कशाने कराव्यात?
— एक वाचिका, नागपूर

उत्तर : पॉलिश करू नये. पॉलिश करणे म्हणजे गोटीचा वरचा थर घासून टाकणे. त्यात पाँटिल जाते, व्यास घटतो, आणि पृष्ठभागालगतचे पट्टे अर्धवट कापले जातात. मग ती कितीही लखलखीत दिसली, तरी तिची किंमत चरे असलेल्या मूळ गोटीपेक्षा कमी ठरते. एक अपवाद काही संग्राहक मानतात : ज्या मोठ्या गोटीचे अंग इतके घासले गेले आहे की आतले काहीच दिसत नाही, ती केवळ पाहण्यासाठी पॉलिश केली तर हरकत नाही, परंतु विकताना तसे स्पष्ट सांगायला हवे.

साफ करण्यासाठी कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरे. गरम पाण्यातून थंड पाण्यात गोटी टाकू नये, कारण जुन्या काचेत, विशेषतः सल्फाइडमध्ये, आधीच ताण असतो आणि एवढ्यानेही आतून तडा जाऊ शकतो. गोट्या बरणीत एकमेकींवर न ठेवता कप्प्यांच्या खोक्यात, मऊ कापडावर ठेवाव्यात. प्रत्येकीचा व्यास कॅलिपरने मिलिमीटरमध्ये मोजून लिहावा. परदेशी विक्रेते तो इंचाच्या अंशांत देतात, आणि नेहमीच्या खेळायच्या गोटीचा पाच-अष्टमांश इंच म्हणजे सुमारे १६ मिलिमीटर होतो.

आणि खरेदीला जाल तेव्हा एक गोष्ट ध्यानात ठेवावी. काही विक्रेते चरे लपवण्यासाठी गोटीला तेलाचा हात फिरवतात. तेल ओरखड्यांत भरते आणि गोटी नव्यासारखी दिसते. म्हणून गोटी आधी कोरड्या सुती कापडाने नीट पुसावी, कापडाला चिकटपणा लागतो का ते पाहावे, आणि मगच ती भिंगाखाली धरावी.